घरच्या कार्यशाळेसाठी वेल्डिंग यंत्र कोणते घ्यावे?

श्रावण लागला की बुधवार पेठेतल्या चौकाचौकांत गणेशोत्सवाच्या देखाव्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहू लागतात. संध्याकाळी त्या बाजूने गेलात तर भिंतींवर निळसर-पांढरा प्रकाश थरथरताना दिसतो, आणि कडेला उभी असलेली दोन-चार मुले हमखास त्या प्रकाशाकडे एकटक बघत असतात. तसे बघू नये. का, ते पुढे येईलच. पण त्या मुलांपैकी एखाद्याच्या मनात येते की हे काम आपल्यालाही जमावे. सायकलचे कॅरिअर, गच्चीवरच्या कुंड्यांचा स्टँड, शाळेच्या प्रदर्शनातल्या प्रतिकृतीचा सांगाडा घरीच जोडता यावा. मग वडील किंवा काका तपकीर गल्लीत, बोहरी आळीत चौकशी करतात. तेथे खोक्यांवर १६०, २००, २५० असे आकडे ठळक छापलेले असतात आणि दुकानदार म्हणतो, "मोठा आकडा घ्या, पुढे उपयोगी पडेल." घ्यावा का? याचे उत्तर तुमच्या दहावीच्या पुस्तकातील भौतिकशास्त्रानेच देता येते.

आधी यंत्र काय करते ते पाहू. दोन धातूंचे तुकडे कडेला वितळवून एकजीव करणे म्हणजे वितळजोड. त्यासाठी लागणारी उष्णता विद्युत् प्रज्योतीपासून मिळते. सळई आणि लोखंड यांच्या मधल्या दोन-तीन मिलिमीटर फटीतील वायू आयनीभूत होऊन विद्युत्‌वाहक बनतो व सूर्याच्या पृष्ठभागाइतका किंवा त्याहूनही अधिक तापतो. गंमत अशी, की यंत्राचा दाब अवघा साठ-सत्तर व्होल्ट असतो. हवेतून ठिणगी उडायला मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. म्हणजे सत्तर व्होल्टवर ठिणगी आपणहून उडणे शक्यच नाही! म्हणून कारागीर सळई काडेपेटीच्या काडीसारखी लोखंडावर घासतो आणि लगेच किंचित उचलतो. स्पर्शाच्या क्षणी टोक लाल होते, उचलताना तापलेला वायू मार्ग देतो, आणि एकदा प्रज्योत पेटली की वीस-पंचवीस व्होल्ट तिला पुरतात.

प्रज्योत हा मोठा विचित्र वाहक आहे. साध्या तारेला ओहमचा नियम लागू पडतो, प्रज्योतीला नाही. तिच्यातून प्रवाह वाढला की वायू अधिक आयनीभूत होतो व रोध कमी होतो. रोध कमी झाला की प्रवाह आणखी वाढू पाहतो. तिला सरळ घरच्या विजेला जोडले तर फ्यूज वितळण्याखेरीज काही होणार नाही. म्हणून वेल्डिंग यंत्राचे खरे काम दाब उतरवणे एवढेच नसून प्रवाहाला लगाम घालणे हे आहे. कारागिराचा हात हलतो, फट कमी-जास्त होते, तरी प्रवाह ८० अँपिअर म्हटला की ८० च्या आसपासच राहिला पाहिजे.

ग्रिलवाल्यांच्या दुकानात पूर्वी हे काम मोठे रोहित्र करी. दोघांनी मिळूनही ते जेमतेम हलायचे. आज त्याच शक्तीचे 'इन्व्हर्टर' यंत्र पाच-सहा किलोग्रॅमचे असते व खांद्याला अडकवता येते. कसे झाले हे? फॅराडेने १८३१ साली दाखवून दिले, की वेटोळ्यात निर्माण होणारा दाब चुंबकीय प्रवाह किती वेगाने बदलतो यावर अवलंबून असतो. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. हा बदल मंद, म्हणून पुरेसा दाब मिळवायला गाभा जाडजूड व वेढे पुष्कळ लागतात. इन्व्हर्टर यंत्र ही वीज प्रथम एकदिश करते, मग ट्रान्झिस्टरच्या जातीच्या झटपट स्विचांनी तिचे सेकंदाला काही दहा हजार वेळा तुकडे पाडते आणि मगच रोहित्रात सोडते. बदल हजारपटीने वेगवान झाला, की तेवढ्याच कामाला हाताच्या मुठीएवढा गाभा पुरतो. (बरोबर हजारपट लहान मात्र होत नाही, कारण या कंप्रतेला चालणारा फेराइटचा गाभा पोलादाइतका चुंबकीय प्रवाह पेलू शकत नाही.) शेवटी पुन्हा एकदिश केलेला प्रवाह बाहेर येतो. प्रवाहावर इलेक्ट्रॉनिक मंडलाची क्षणोक्षणी नजर असल्याने नवशिक्याचा थरथरणारा हातही हे यंत्र सांभाळून घेते. म्हणून घरच्या कामाला इन्व्हर्टर यंत्रच घ्यावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. समजा, खोक्यावर २०० असे लिहिले आहे आणि यंत्राच्या पाठीमागील पत्र्यावर, बारीक अक्षरांत, विजेकडून घेतला जाणारा कमाल प्रवाह २० अँपिअर असे कोरले आहे. वही-पेन्सिल घ्या. सळईच्या वेल्डिंगमध्ये प्रज्योतीचा दाब काढण्याचा एक सर्वमान्य नियम आहे: २० व्होल्ट, अधिक प्रवाहाच्या प्रत्येक अँपिअरमागे ०.०४ व्होल्ट. २०० अँपिअरला तो २८ व्होल्ट झाला. शक्ती २०० × २८, म्हणजे ५६०० वॉट. आत काय येते? २३० × २०, म्हणजे फार तर ४६०० वॉट. घेतल्यापेक्षा जास्त देणारे यंत्र! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम बोहरी आळीतही मोडत नाही. तेव्हा असे दोन आकडे एकाच यंत्रावर दिसले, की त्यातला एक खोटा आहे हे तुम्ही दुकानातच ओळखाल. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सोडवून घ्यावे.

दुसरा आकडा कार्यचक्राचा. '१६० अँपिअर, ३० टक्के, ४० अंश सेल्सिअस' याचा अर्थ असा, की सभोवारची हवा ४० अंश असताना दर दहा मिनिटांत तीन मिनिटे १६० अँपिअरने काम करावे व सात मिनिटे यंत्राला निवू द्यावे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून अखंड चालवायचे तर १६० ला ०.३ च्या वर्गमूळाने गुणा: सुमारे ८८ अँपिअर. हा हिशेब ढोबळ आहे, पण निवडीला पुरतो. ज्या यंत्रावर कार्यचक्र लिहिलेलेच नाही, ते यंत्र मी तरी घेणार नाही.

पण आपल्याला मुळात किती अँपिअर लागतात? घरातील काम दोन ते पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, अँगल व चौकोनी नळ्या यांचे. त्याला २.५ मिलिमीटरची सळई पुरते आणि ती ६० ते ९० अँपिअरवर चालते. ३.१५ ची सळई शंभराच्या आगेमागे. याहून जास्त प्रवाहाला घरातील वीज तयार आहे का तेही पाहिले पाहिजे. ८० अँपिअरला प्रज्योतीचा दाब २३.२ व्होल्ट, शक्ती सुमारे १८५६ वॉट. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत २३२० वॉट हवेत. शिवाय या यंत्रातील धारित्रे वीज सलग न घेता दाबाच्या शिखरावर घोट घोट घेतात, त्यामुळे शक्तिगुणांक ०.७ च्या घरात असतो व तारेतून प्रत्यक्षात चौदा-साडेचौदा अँपिअर वाहतात. घरातील मोठी खोच १६ अँपिअरची. म्हणजे ८० अँपिअरचे काम तिच्यावर जेमतेम बसते. हाच हिशेब १६० अँपिअरला केला तर सुमारे ३३ अँपिअर येतात! तेव्हा २५० चे यंत्र घरी आणून त्याचा चौथा हिस्साच वापरायचा, तर ते पैसे चांगला मुखवटा व हातमोजे यांवर खर्च करावेत. खरे १४० ते १६० अँपिअरचे यंत्र घरगुती कारागिराला भरपूर झाले.

या आकाराच्या पुष्कळ यंत्रांवर आता 'टिग'ही लिहिलेले असते. ही सोय घ्यावी का, हे समजण्यासाठी दोन्ही रीतींतला फरक पाहा. सळईच्या रीतीत सळई स्वतः वितळून जोडात भरली जाते. वितळलेल्या लोखंडाला हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन लागले तर जोड ठिसूळ, सच्छिद्र होतो. म्हणून सळईवर अभिवाहाचा लेप असतो. तो जळून धुराचे कवच करतो व थंड झाल्यावर मळीचा पापुद्रा होऊन वर बसतो. लेप दिलेल्या सळईची ही कल्पना स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरीची, विसाव्या शतकाच्या आरंभीची. आपल्याकडे १९५१ साली स्थापन झालेली अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी या उद्योगातील जुनी; तिचा चिंचवडचा कारखाना पुणेकरांना ठाऊक असेल. सळईच्या पुड्यावर ६०१३ असा आकडा दिसेल. त्यातील ६० म्हणजे जोडाची ताणशक्ती चौरस इंचाला ६०,००० पौंड, १ म्हणजे सळई आडवी, उभी, डोक्यावर कशीही चालते, आणि शेवटच्या दोन अंकांवरून लेपाचा प्रकार कळतो. नवशिक्याला हीच सळई सोपी.

टिगमध्ये अग्र टंगस्टनचे असते. ३४२२ अंशांना वितळणारा हा धातू प्रज्योत धरून ठेवतो, पण स्वतः जोडात उतरत नाही. भरायची तार दुसऱ्या हाताने वेगळी द्यावी लागते. लेपाऐवजी आरगॉन वायूचा झोत संरक्षण करतो. हा वायू १८९४ साली रॅली आणि रॅम्झे यांनी ओळखला. हवेपासून काढलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, एवढ्या बारीकशा फरकावरून! कोणाशी संयोग पावत नाही म्हणून ग्रीक भाषेतील 'आळशी' या अर्थाचे नाव त्याला मिळाले. याच आळसाचा येथे उपयोग. टिगचा जोड स्वच्छ, बारीक, ठिणग्यांविना होतो. एक मिलिमीटरचा स्टेनलेसचा पत्रा सळईने जोडू गेलात तर भोक पडते, टिगने तो जोडता येतो. विजेचीही बचत होते, कारण प्रज्योतीचा दाब दहाएक व्होल्टने कमी असतो.

मग अडचण कोठे आहे? वायूच्या टाकीत. दहा लिटरच्या टाकीत १५० वातावरण दाबाने सुमारे १५०० लिटर आरगॉन मावतो. मिनिटाला सात लिटर सोडला तर साडेतीन तासांत टाकी रिकामी. यंत्र एकदाच घ्यायचे असते, वायू पुनःपुन्हा. त्यात टाकी, दाबनियंत्रक आणि टॉर्च बहुधा खोक्यात नसतातच. शिवाय छोटी जोडयंत्रे एकदिश प्रवाहाची असतात, त्यांनी अॅल्युमिनियम जोडता येत नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या कातडीला दोन हजारांवर अंश लागतात. ही कातडी फोडायला प्रवाहाची दिशा सतत उलटावी लागते, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाचे, बरेच महाग यंत्र हवे. 'या यंत्राने सगळे धातू जोडता येतात' असे कोणी सांगितले तर एवढाच प्रश्न विचारा: ए.सी. टिग आहे का?

माझे मत विचाराल तर, आज सळईचे यंत्र घ्यावे, मात्र त्यात 'लिफ्ट टिग'ची सोय असलेले. लिफ्ट म्हणजे टंगस्टनचे टोक हलकेच टेकवून उचलले की यंत्र कमी प्रवाहावर प्रज्योत पेटवते, टोक बिघडत नाही. सहा महिने सळईवर हात बसू द्या, टिग नंतर. आणि जोडणी करताना ध्रुव तपासा. टिगचा टॉर्च ऋण टोकाला जोडतात. धनाग्रावर इलेक्ट्रॉनांचा मारा होत असल्याने सुमारे दोन-तृतीयांश उष्णता तेथे निर्माण होते. ध्रुव उलटले तर ती सारी टंगस्टनला मिळून टोकाचा गोळा होतो. अग्रे विकत घेताना लाल रंगाची, थोरियमयुक्त, घेऊ नयेत. थोरियम किरणोत्सर्गी आहे आणि टोक घासताना धूळ उडते. लॅन्थॅनमयुक्त अग्रे तेच काम करतात.

आता त्या प्रकाशाविषयी. त्यात जंबुपार किरण असतात. ते बघताना काही वाटत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. दहा किंवा अकरा क्रमांकाची काच असलेला मुखवटा, जाड सुती कपडे व चामडी हातमोजे यांशिवाय यंत्र चालू करू नये, आणि बघणाऱ्यांनाही काच द्यावी. जस्त दिलेला पत्रा जाळू नये. त्याच्या धुराने ताप येतो. आरगॉन हवेपेक्षा जड असतो, तो तळघरात साचून श्वास कोंडू शकतो. पेठेतल्या लाकडी वाड्याच्या माडीवर तर वेल्डिंगचा विचारही नको. १८७९ साली बुधवार वाडा आगीत गेला, हे पुणेकराला सांगायला नको. अंगण किंवा सिमेंटची गच्ची, जवळ वाळूची बादली, आणि काम संपल्यावर अर्धा तास तेथेच थांबणे. पावसात, ओल्या अंगाने मुळीच नाही. यंत्राचे आवरण उघडू नका; आतील धारित्रांवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ राहतात. शाळेत असेपर्यंत हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पुढे गोडी लागली तर आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहेच.

राहता राहिली जोडतार. यंत्राबरोबरच ती घ्या, आणि घरातील पंख्याची जुनी तार वापरू नका. वीस मीटर लांबीच्या, एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.७ ओहम असतो. पंधरा अँपिअरला दहा व्होल्ट वाटेतच खर्च होतात व दीडशे वॉटवर उष्णता तारेत निर्माण होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत ती साठ वॉटच्या आसपास येते. तीही गुंडाळी न सोडता वापरली तर आतल्या वेढ्यांना निवायला वाव मिळत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण तार जमिनीवर पसरून ठेवा.