खिडकीची मूठ : निगा व बदल

नवी मुंबईतील सीवूड्स ही वसाहत खाडीच्या काठी आहे. खाडीवरील दमट वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते लोखंडावर बसले व त्यांस ओल मिळाली, की गंज झपाट्याने चढतो. म्हणून तेथील खिडक्यांच्या मुठी व स्क्रू लवकर निकामी होतात. मग झडप घट्ट मिटत नाही, पावसाचे पाणी घरात येते. आणि वरच्या मजल्यावर तर लहान मुलांच्या जिवासच धोका असतो.

मूठ बदलणे अवघड नाही. प्रथम झडप मिटावी व सर्व काम खोलीच्या आतूनच करावे. जुने स्क्रू काढून दोन छिद्रांतील अंतर मोजावे. मुठीमागे चौकोनी दांडा असल्यास त्याची जाडी व लांबीही पाहावी. जुनी मूठ दुकानात सोबत न्यावी, म्हणजे माप चुकत नाही. लाकडी चौकटीतील छिद्र सैल झाले असल्यास सरस लावलेली लाकडी काडी त्यात ठोकावी व सुकल्यावर स्क्रू पिळावा.

अॅल्युमिनियमच्या चौकटीत पितळी स्क्रू वापरू नये. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले, की विजेच्या घटासारखी क्रिया घडून अॅल्युमिनियम झिजते. तेथे स्टेनलेस पोलादाचे स्क्रू बरे.

शिक्षकांनी एक लोखंडी खिळा कोरडा व दुसरा मिठाच्या पाण्याने भिजवून वर्गात ठेवावा आणि आठवड्याने दोहोंतील फरक मुलांस दाखवावा. सैल मूठ दिसताच घरी सांगणे हे मुलांचे काम; ती बदलणे वडीलधाऱ्यांचे.