तोंडचे पाणी का पळते?

मन आणि शरीर ही दोन वेगळी खाती आहेत, अशी आपली एक समजूत असते. आपली भाषा मात्र तसे मानीत नाही. भीती वाटली असे न म्हणता मराठी माणूस ‘पोटात गोळा आला’ असे म्हणतो. निकालाच्या दिवशी त्याचे हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, तोंडचे पाणी पळते. शाळेत हे वाक्प्रचार आपण अर्थासह पाठ केले आणि मार्क मिळविले. वस्तुतः ती शरीरशास्त्रातील अचूक निरीक्षणे आहेत.

संकट दिसताच मेंदूच्या हुकमाने मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन हा द्रव रक्तात सोडतात. हृदय धडधडू लागते, यकृत साठविलेली साखर बाहेर काढते. पळायचे किंवा लढायचे असेल, तर रक्त हवे ते हातापायांच्या मोठ्या स्नायूंना. म्हणून ते त्वचेकडून व आतड्यांकडून तिकडे वळविले जाते. त्वचेतले रक्त आटले की तळहात गार पडतात. पचनाचे काम थांबले, मग लाळ तरी कशाला? तोंड कोरडे पडते. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकसतात आणि काटा उभा राहतो. मांजर असे फुगले म्हणजे कुत्र्याला मोठे दिसते. आपल्याला त्याचा आता काही उपयोग राहिलेला नाही.

‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडणारा अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने हार्वर्डमध्ये विद्यार्थी असतानाच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहिली होती. मांजर बिथरले की जठर एकदम स्तब्ध होई, शांत झाले की पुन्हा हलू लागे. पोटातल्या गोळ्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

ही व्यवस्था वाघासाठी उत्तम आहे. वाघ पाच मिनिटांत निघून जातो. बँकेचे कर्ज, मुलीचे लग्न, नोकरीचा अर्ज हे वाघ मात्र महिनोन् महिने दारात बसून राहतात. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली माँट्रियल येथे उंदरांना थंडी, अतिश्रम, विषारी द्रव्ये असा नाना प्रकारचा त्रास देऊन पाहिला. त्रास कोणताही असो, परिणाम तेच : अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंध असलेली थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात व्रण. प्रथम धोक्याची घंटा, मग नेटाने तोंड देणे आणि शेवटी थकून कोसळणे, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या.

उंदरांचे राहू द्या, विद्यार्थ्यांचे पाहू. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम मुद्दाम करण्यात आली. एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी 40 टक्के अधिक काळ लागला. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक फार काळ वाढलेले राहिले, तर प्रतिकारशक्ती मंदावते. ते वाढलेले असताना पाठ केलेले आठवणेही जड जाते. पेपर हातात आल्यावर ‘सगळे कोरे झाले’ असे सांगणारा मित्र प्रत्येक वेळी थापा मारीत नसतो!

तरीही सर्व रोगांचे खापर ताणावर फोडणे बरे नव्हे. पोटातला व्रण म्हणजे काळजीचा रोग, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानीत. 1982 साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरेन यांनी त्यामागचा जंतू शोधला. त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता असा व्रण बहुधा औषधाने बरा होतो. केवळ ‘काळजी करू नका’ असे सांगितलेल्या रोग्यांचे किती हाल झाले असतील!

उलट बाजूचा अन्यायही तितकाच मोठा. आमच्या घरी सोसायटीच्या हप्त्याचा महिना आला की आईचे डोके ठणकू लागते, झोप उडते. तपासण्या ठीक येतात आणि ‘तुम्हांला काही झालेले नाही, मनाचे आहे’ असे ऐकून ती परत येते. मनाचे आहे म्हणजे खोटे आहे, असा अर्थ सगळे घर काढते. तिच्या मानेचे आवळलेले स्नायू, रात्रभरची जाग ही काय कल्पना आहे? चालणे, पुरेशी झोप, कुणाशी तरी मोकळे बोलणे यांनी ताण हलका होतो हे खरे; हप्ता मात्र तेवढाच राहतो. पुस्तकांतील सल्ले बहुधा पगारदारांसाठी लिहिलेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात गावात नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहता पाहता तिला विचारले, “झोप लागते का हो? घरी कसं चाललंय?” आई अर्धा तास बोलत होती. गोळी त्यांनी पूर्वीचीच लिहून दिली.