रजिस्टरात एक, मशीनमध्ये दुसरंच! लॅबमधल्या संगणकांची यादी आपोआप कशी तयार होते?

पेडणे : पेडणे आणि डिचोलीत सरकारी आयटीआय आहेत, विर्नोड्यात सरकारी महाविद्यालय आहे, शाळांच्या लॅब वेगळ्याच. जिथे संगणक, तिथे डेडस्टॉक रजिस्टर आलंच. पण रजिस्टरात नोंद होते ती संगणक आला त्या दिवसाची. पुढे एका मशीनची रॅम दुसऱ्यात जाते, हार्ड डिस्क बदलते, पावसाळ्यातल्या दमट हवेत नंबराचा स्टिकरही गळून पडतो. तपासणीत फरक निघाला की उत्तर द्यावं लागतं ते लॅब सांभाळणाऱ्याला.

यावर सोपा उपाय म्हणजे संगणकालाच त्याची माहिती विचारायची. मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर साठवलेला असतो. लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' आणि विंडोजवर 'पॉवरशेल'मधून तो वाचता येतो. प्रोसेसर, रॅम, डिस्क यांचीही माहिती तशीच मिळते. या आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहायच्या आणि मशीन सुरू झालं की ती आपोआप चालेल अशी सोय करायची. प्रत्येक मशीन आपली माहिती लॅबच्या सर्व्हरवर टाकतं. कालची आणि आजची नोंद ताडून पाहिली की आठ जीबीची रॅम चार कधी झाली, ते तारखेसह कळतं. स्क्रिप्ट लिहायची नसेल तर 'जीएलपीआय' किंवा 'ओसीएस इन्व्हेंटरी' ही मुक्त सॉफ्टवेअर हेच काम करतात.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, असेंबल केलेल्या मशीनमध्ये सिरियल नंबराची जागा बऱ्याचदा रिकामीच असते, किंवा तिथे कारखान्यातलं ठोकळ वाक्य असतं. अशा वेळी नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता सोबत घ्यावा. पण कार्ड बदललं की तोही बदलतो. दुसरी, बंद पडलेलं मशीन माहिती पाठवत नाही. म्हणून 'शेवटचं कधी दिसलं' हा रकाना हवाच. तिसरी, यूपीएस, खुर्च्या यांची मोजणी हातानेच करावी लागणार.

हे आत्ताच का? विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला हवा. कुठलं मशीन चालेल, कुठल्यावर लिनक्स टाकायचं आणि कुठलं भंगारात काढायचं, हे यादीशिवाय ठरवणार कसं? अंदाजाने नव्या खरेदीचा प्रस्ताव पाठवला तर चांगली मशीनही भंगारात जायची.

सुरुवात पाच मशीनपासून करावी. स्क्रिप्टने दिलेली माहिती झाकण उघडून एकदा पडताळून पाहावी. जुळली, की मग सगळी लॅब जोडावी. रजिस्टर मात्र फेकू नये. सही-शिक्का अजून त्याच्यावरच लागतो.