समुद्राचा खोटा तळ

स्कॉटलंडच्या उत्तर भागांत नेस नांवाचें एक लांबट सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें ३७ किलोमीटर आणि खोली कांहीं ठिकाणीं २२५ मीटरांहूनहि अधिक आहे. आसपासच्या दलदलींतील कुजलेल्या वनस्पतींमुळें त्याचें पाणी इतकें काळसर झालेलें आहे कीं, थोडें खालीं गेलें तरी कांहीं दिसत नाहीं. या सरोवरांत एक अजस्र प्राणी राहतो ही वार्ता १९३३ सालापासून जगभर पसरली. १९५४ च्या डिसेंबरांत 'रायव्हल थर्ड' नांवाची मासेमारी बोट त्या सरोवरांतून जात असतां, तिच्यावरील खोली मोजण्याच्या यंत्रानें सुमारें १४६ मीटर खोलीवर एक मोठा आकार दाखविला. तो आकार सुमारें ८०० मीटरपर्यंत बोटीच्या बरोबरीनें चालत राहिला! वृत्तपत्रांनीं पुढें काय केलें असेल तें सांगावयास नकोच.

बोटीवरचे लोक खोटें बोलत होते असें मानण्याचें कारण नाहीं, व यंत्रहि खोटें बोलत नव्हतें. प्रश्न आहे तो यंत्राची भाषा समजण्याचा. आज आपल्या कोंकण किनाऱ्यावरील पुष्कळशा यांत्रिक नौकांवर असलें यंत्र बसविलेलें असतें, आणि तें काय सांगतें हें न कळल्यामुळें जाळें फुकट जातें तें तांडेलाचें. समुद्रांत मासे किती याचा हिशेब चुकतो तो सगळ्या जगाचा.

या यंत्रास इंग्रजींत 'सोनार' म्हणतात. ध्वनीच्या साहाय्यानें मार्ग व अंतर काढणें या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून केलेलें हें नांव आहे; आपल्या पेठेंतील सोनाराशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. तथापि जुन्या काळीं सराफ रुपया दगडावर वाजवून त्याची पारख करीत असे, तोच प्रकार येथें पाण्याखालीं होतो. बोटीच्या बुडाशीं बसविलेला एक खडा विजेच्या योगानें थरथरतो व ध्वनीचा ठोका खालीं सोडतो. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें जातो. ठोका सुटल्यापासून चारदशांश सेकंदानें प्रतिध्वनि परत आला तर जाऊन येऊन ६०० मीटर झाले, अर्थात् ती वस्तु ३०० मीटर खोल आहे. हा हिशेब मराठी चौथींतील मुलगाहि करूं शकेल.

घोटाळा होतो तो पुढें. प्रत्येक ठोक्याचा प्रतिध्वनि पडद्यावर एका उभ्या रेघेच्या रूपानें उमटतो, दुसऱ्या ठोक्याची रेघ तिच्या शेजारीं येते, आणि अशा शेंकडों रेघा मिळून चित्र तयार होतें. पाहणाऱ्यास वाटतें कीं आपण समुद्राचा उभा छेद पाहत आहों. परंतु या चित्रांत खोली ही खरी खोली असली, तरी रुंदी ही मुळीं रुंदी नव्हे. तो काळ आहे. बोट नांगरलेली असून तिच्याखालीं वीतभर मासा पांच मिनिटें स्वस्थ राहिला, तर पडद्यावर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत लांब रेघ ओढली जाते. तिला अजगर समजणारे थोडेथोडके नाहींत. उलट एखादा खराच मोठा मासा झपाट्यानें निघून गेला, तर त्याचा नुसता ठिपका पडतो.

कमानीच्या आकाराचीं जीं चिन्हें या पडद्यावर दिसतात त्यांचाहि उलगडा असाच आहे. ध्वनि एका सुतांत खालीं जात नाहीं. तो शंकूप्रमाणें पसरत जातो. शंकूचा कोन २० अंशांचा धरला, तर ३० मीटर खोलीवर त्याचें वर्तुळ सुमारें साडेदहा मीटर रुंद होतें. मासा त्या वर्तुळाच्या कडेस शिरतो तेव्हां तिरकस अंतरामुळें तो किंचित् अधिक खोल भासतो. मध्यावर आला कीं जवळ येतो. बाहेर पडतांना पुन्हा दूर जातो. झाली कमान! माशाच्या पाठीच्या बांकाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. आणि जो आकार बोटीच्या बरोबरीनेंच चालतो त्याविषयीं अनुभवी तांडेल आधीं आपल्या बोटीवरच संशय घेतो; कारण बोटीमागें ओढलेलें वजन किंवा दुसऱ्या यंत्राचा गोंगाट हींच तेवढीं तिची साथ इतक्या इमानानें करतात. १९५४ च्या त्या आकाराचें कारण हेंच होतें असें मात्र म्हणवत नाहीं.

नेस सरोवराचा पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९८७ च्या ऑक्टोबरांत २४ बोटी एका ओळींत लावून तें सरोवर चाळण्यांत आलें. थोड्या प्रतिध्वनींचा उलगडा झाला नाहीं, पण प्राणी सांपडला नाहीं. २००३ सालीं ब्रिटिश नभोवाणी संस्थेनें ६०० ध्वनिकिरणांनीं शोध करविला, निष्पत्ति तीच. अखेर २०१६ सालीं एका स्वयंचलित पाणयंत्रास तळाशीं लांब मानेचा ९ मीटरांचा प्राणी दिसला! तो निघाला शेरलॉक होम्सविषयींच्या एका चित्रपटाकरितां केलेला पुतळा. १९६९ सालीं दिग्दर्शक बिली वाइल्डर यांस त्याच्या पाठीवरील उंचवटे आवडले नाहींत म्हणून ते काढून टाकले, त्याबरोबर त्याची तरंगण्याची शक्ति गेली आणि तो बुडाला.

आतां माशाचा प्रतिध्वनि येतो तरी कशावरून? माशाचें मांस व सभोंवतालचें पाणी यांत ध्वनीच्या दृष्टीनें फारसा भेद नाहीं. पण बहुतेक माशांच्या पोटांत वायूनें भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्या योगानें मासा पाण्यांत हव्या त्या खोलीवर अधांतरीं राहूं शकतो. ज्या घरांत मासा शिजत नाहीं तेथील वाचकांस ही माहिती नवी असेल. आमच्या सारस्वत भगिनींना ती सांगणें म्हणजे धाडस होय. घोळ माशाच्या या पिशवीस कोळी लोक भोत म्हणतात व ती परदेशीं मोठ्या किंमतीस जाते. ज्या माशास वाताशय आहे त्याच्या प्रतिध्वनींतील नव्वद टक्के किंवा त्याहूनहि अधिक भाग या एका पिशवीचा असतो. म्हणून भलामोठा शार्क, ज्याला वाताशय नाहीं, तो यंत्राला अंधुक दिसतो, आणि बोटाएवढ्या माशांचा थवा भिंतीसारखा ठसठशीत उमटतो. आपला बोंबील ज्या गणांतला आहे त्या गणांतहि ही पिशवी नसते.

या पिशवीनें एकदां साऱ्या नाविक जगास फसविलें होतें. १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत पाणबुड्या हुडकण्याचे प्रयोग चालू असतां, आयरिंग, क्रिस्टेन्सन व रेट या शास्त्रज्ञांस सुमारें ३०० मीटर खोलीवर एक सलग थर आढळला. यंत्र त्याला तळ समजत होतें. खरा तळ त्याच्या कितीतरी खालीं होता. असल्या खोट्या तळांमुळें भर समुद्रांत उथळ जागा असल्याच्या वर्दी येत, आणि नकाशे करणारांस तेथें 'अस्तित्व संशयास्पद' असा शेरा मारून ठेवावा लागे. नकाशावर खडक आहे व समुद्रांत नाहीं!

हें कोडें मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञानें ज्या साध्या उपायानें सोडविलें तो मला सगळ्या यंत्रांपेक्षां अधिक कौतुकाचा वाटतो. १९४५ च्या जूनमध्यें तो एका जहाजावर रात्रंदिवस त्या थराकडे पाहत बसला. थर पाण्याच्या उष्णतेंतील फरकामुळें पडला असेल तर तो जागचा हलण्याचें कारण नाहीं. सजीव असेल तर सूर्याप्रमाणें वागेल. सायंकाळ होतांच थर वर चढूं लागला, रात्र त्यानें पृष्ठभागाजवळ काढली आणि पहांटे तो पुन्हा खालीं उतरला. तळ संध्याकाळीं फिरावयास निघत नाहीं. तो थर प्राण्यांचा होता: अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले चिमुकले कंदीलमासे, कोळंबीचे भाऊबंद व इतर जीव, जे दिवसां शत्रूच्या नजरेपासून दूर काळोखांत राहतात व रात्रीं चरावयास वर येतात.

१९६३ सालीं एरिक बारहॅम यानें 'ट्रिएस्ट' या खोल बुडी मारणाऱ्या यानांतून त्या थरांत स्वतः उतरून पाहिलें, तेव्हां आणखी एक गोष्ट उघड झाली. तेथें माशांखेरीज जेलीसारख्या नाजूक प्राण्यांच्या वसाहती होत्या व त्यांतील प्रत्येकीस वायूचा एक लहानसा फुगा होता. पावसाळ्यांत जुहूच्या किंवा गिरगांवच्या चौपाटीवर जे निळे, दंश करणारे फुगे वाहून येतात, त्यांच्याच कुळांतले हे. राईएवढ्या फुग्याचा प्रतिध्वनि माशाच्या प्रतिध्वनीसारखा येतो!

येथें हा विषय कुतूहलापुरता राहत नाहीं. या मधल्या थरांतील मासे जगांत सुमारें १०० कोटी टन असावेत असा जुना अंदाज होता. २०१४ सालीं स्पेनच्या 'मालास्पिना' सफरींतील प्रतिध्वनींवरून तो १००० कोटी टनांवर नेण्यांत आला. एकदम दसपट! आपल्या अरबी समुद्रांतहि नॉर्वेच्या 'डॉक्टर फ्रिट्यॉफ नान्सेन' या जहाजानें १९७५ पासून केलेल्या पाहणींत कंदीलमाशांचे प्रचंड साठे नोंदले गेले. या माशांपासून तेल व कोंबड्या-माशांचें खाद्य काढण्याचे बेत कित्येक वर्षें चालू आहेत. पण त्या १००० कोटींत मासे किती आणि फुगे किती? शिवाय कांहीं कंदीलमाशांच्या वाताशयांत वय वाढतां वाढतां वायूऐवजीं चरबी भरते. ते यंत्रापुरते जवळजवळ मुकेच होतात, म्हणजे चूक उलट दिशेनेंहि संभवते. शास्त्रज्ञ आतां एकाच वेळीं निरनिराळ्या पट्टींचे ध्वनि सोडून फुग्याचा व माशाचा सूर वेगळा करूं पाहतात आणि सोबत जाळेंहि उतरवितात. मात्र कंदीलमासे येणारें जाळें पाहून बाजूस सरतात, आणि जेलीच्या त्या वसाहती जाळ्याच्या दोऱ्यांवर चिंधड्या होऊन वाहून जातात. वर येतें त्यांत दोहोंपैकीं कोणाचेंच माप पुरें नसतें.