कुरकुरीत व्हायला पाणी गेले पाहिजे
स्वयंपाकघरातले विज्ञान : लेखांक १४

सफरचंदाच्या पातळ चकत्या एअर फ्रायरमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ठेवल्या की थोड्याच वेळात त्यांच्या कडा काळपट होतात. मधला भाग मात्र वाकवला तर वाकतो, मोडत नाही. आणखी काही मिनिटे ठेवाव्यात तर चव कडू होते. मग कुणी यंत्राला दोष देतो, कुणी फळाला, आणि शेवटी ‘तेलाशिवाय कुरकुरीत होतच नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल मला मान्य नाही. तेलाशिवाय फळांचे वेफर्स उत्तम कुरकुरीत होतात. मात्र हे काम तळण्याचे नाही, वाळवण्याचे आहे, हे आधी मनाशी पक्के करावे लागते. तळण्याचे तापमान आणि तळण्याची घाई वाळवण्याला लावली, की त्या काळपट कडांसारखीच गत होते. बटाट्याच्या फोडी, समोसे, कटलेट यांना जे तापमान मानवते ते फळाला का मानवत नाही, हे नीट समजले तर पाककृती पाठ करायचीही फारशी गरज उरत नाही.

२०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात फिलिप्सने एअर फ्रायर बाजारात आणला. फ्रेड व्हॅन डेर वेइ या डच संशोधकाचे काम त्यामागे होते. आतली रचना साधी आहे. वर तापणारी तार, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली, आणि दमट हवा बाहेर टाकायला मागे एक झरोका. म्हणजे ही एक लहानशी भट्टी आहे, जिच्यात हवा जोरात फिरते. तेलाशी तिची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कढईतले १७५ अंशांचे तेल पदार्थाला सर्व बाजूंनी चिकटून असते आणि त्याच तापमानाच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने उष्णता देते. केळ्याचा काप तेलात पडताच जो चुरचुर आवाज येतो तो पाण्याची वाफ होऊन बाहेर पडण्याचा असतो. कापातले पाणी उकळत आहे तोवर त्याचे तापमान शंभराच्या फारसे वर जात नाही, म्हणून तो जळत नाही, आणि पाणी संपेपर्यंत कुरकुरीतही झालेला असतो. हवेला हा वेग नाही. १८० अंशांची हवा चकतीचा पृष्ठभाग पटकन कोरडा करते, पण आतले पाणी तितक्या लवकर वर येऊ शकत नाही. कोरडा पडलेला पृष्ठभाग मग हवेच्या तापमानाकडे धावतो. फळात साखर भरपूर असते आणि सफरचंदातल्या साखरेत तर फ्रुक्टोजचे प्रमाण सर्वांत जास्त. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच करपायच्या वाटेला लागते, तर आपली नेहमीची साखर त्यासाठी १६० अंशांपर्यंत थांबते. बाहेर करपलेले आणि आत ओले, ही जोडी इथून येते.

तेव्हा हिशेब पाण्याचा मांडला पाहिजे. सफरचंदात सुमारे ८६ टक्के पाणी असते. २०० ग्रॅम चकत्या टोपलीत मांडल्या तर त्यांतले १७० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत जाणार आणि हातात उरणार जेमतेम ३० ग्रॅम वेफर्स. घरात वजनकाटा असेल तर घड्याळापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवावा. चकत्यांचे वजन सुरुवातीच्या साधारण सातव्या हिश्श्यावर आले की काम झाले. वेळ किती लागेल हे मुख्यतः जाडी ठरवते, आणि इथे एक नियम फार उपयोगी आहे. पाणी चकतीच्या गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत झिरपत येते, आणि या प्रवासाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरच्या जागी ४ मिलिमीटरची चकती घेतली तर वेळ दुप्पट न होता जवळपास चौपट होतो. सुरीने कापलेल्या चकत्यांत एक २ मिलिमीटरची, दुसरी ३ ची, तिसरीची एक कड जाड आणि दुसरी पातळ असे होतेच, आणि मग एकाच टोपलीत करपलेली, झालेली आणि चिवट अशा तिन्ही निघतात. बटाट्याच्या वेफर्सची किसणी प्रत्येक घरात असते. महागड्या यंत्राच्या बटणांपेक्षा या कामात तिचा वाटा मोठा आहे, असे मी म्हणेन. चकत्या एकाच थरात मांडाव्यात, एकमेकींवर चढू देऊ नयेत. जिथे चकतीवर चकती बसते तिथे हवा पोचत नाही आणि पाणी तिथेच कोंडते. वाळत आलेली चकती इतकी हलकी होते की पंख्याच्या झोताने उडून वरच्या तारेला चिकटू शकते. म्हणून वर एखादी धातूची जाळी ठेवणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यकच आहे.

मग तापमान किती? ९० ते १०० अंश. या पट्ट्यात साखर करपत नाही आणि पाणी बऱ्यापैकी वेगाने निघते. सफरचंदाच्या २ मिलिमीटर चकत्यांना पाऊण ते एक तास लागतो आणि मध्ये एकदा त्या उलटाव्या लागतात. ‘कमी तापमान चांगले, तर मग ५० अंशच का नको?’ हा आक्षेप वाजवी आहे, आणि त्याच्या उत्तरात या विषयातली सर्वांत नाजूक गोष्ट दडलेली आहे. कडकपणा वेगळा आणि कुरकुरीतपणा वेगळा. चावताना जो कुरकुर आवाज होतो तो पातळ, कोरड्या भिंती एकामागून एक मोडण्याचा असतो, आणि भिंती मोडायच्या तर त्यांच्यामध्ये पोकळ्या हव्यात. फार मंद आचेवर पाणी सावकाश निघत राहते आणि फळाच्या पेशी तेवढ्याच सावकाश आत बसत जातात. चकती आक्रसते, दाट होते आणि शेवटी कडक पण भरीव बनते. थोडी घाई असेल तर बाहेरच्या भिंती आधी ताठ होतात आणि आतल्या पोकळ्या टिकून राहतात. म्हणजे वरून करपण्याची हद्द आहे तशी खालून आक्रसण्याची हद्द आहे, आणि ९०-१०० अंश या दोन हद्दींच्या मधोमध पडतात. ज्या यंत्रात किमान तापमानच १२० च्या वर आहे, त्यात फळांचे वेफर्स करण्याचा आग्रह धरू नये.

आता ती गोष्ट, जी न कळल्यामुळे चांगले झालेले वेफर्स बिघडवले जातात. गरम चकती कुरकुरीत नसते. ती पूर्ण वाळलेली असली तरी टोपलीतून काढताना लवचीकच लागते. चिक्कीचा पाक आठवावा. गरम असताना तो लाटता येतो, हव्या त्या आकारात वळवता येतो, आणि गार झाल्यावर त्याच पाकाचा काचेसारखा तुकडा पडतो. पाण्याचा अंश कमी झालेली साखर एका ठरावीक तापमानाखाली आली की काचेसारखी ताठ होते आणि त्याच्या वर मऊ राहते. फळातली साखरही याच नियमाने वागते. या तापमानाला पाणी खाली ओढते. साखरेत थोडे पाणी शिल्लक राहिले की तिला काच व्हायला आणखी थंडी लागते, आणि पुरेसे पाणी शिल्लक असेल तर खोलीच्या तापमानाला ती काच होतच नाही, चिवटच राहते. म्हणून ‘झाले का?’ हे टोपलीत बोट दाबून कळत नाही. एक चकती बाहेर काढून ताटलीत तीन-चार मिनिटे गार होऊ द्यावी आणि मग मोडून पाहावी. ती खट्कन मोडली तर यंत्र बंद करावे, वाकली तर उरलेल्या चकत्यांना आणखी दहा मिनिटे द्यावीत.

कोणते फळ निवडायचे हेही यावरूनच ठरते. कच्च्या केळ्यात पिष्ट भरपूर असते, वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास. केळे पिकताना त्याची जवळजवळ सगळी साखर होते. पिष्ट वाळल्यावर सहज ताठ होते, फ्रुक्टोज मात्र खोलीच्या तापमानालाही ताठ व्हायला कुरकुर करते आणि हवेतले पाणी ओढून घेते. जळगाव-रावेर-यावल भागातले केळीचे वेफर्स काय किंवा कोकणातले खोबरेल तेलात तळलेले फणसाचे गरे काय, दोन्ही कच्च्या फळाचे का, ते इथे उमगते. सफरचंद, नाशपाती ही टणक फळे गोड असूनही चालतात, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती आणि त्यांच्यातले पेक्टिन सांगाडा उभा धरतात. पिकलेला हापूस या वाटेला लावू नये. त्याचे वेफर्स होणार नाहीत, होईल ती आंबापोळी, आणि ती करायची तर रस काढून ताटात पसरूनच करावी. इथे कुणी विचारेल, की बाजारात तर पिकलेल्या फणसाचे कुरकुरीत वेफर्स मिळतात, ते कसे? ते बहुधा निर्वात तळणातले असतात. बंद भांड्यातली हवा उपसून दाब इतका उतरवतात की पाणी ४०-५० अंशांनाच उकळू लागते, आणि मग १०० अंशांच्या आसपासच्या तेलात साखर न करपता फळ कुरकुरीत होते. तोंडात विरघळणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या कोरड्या चकत्या गोठवून वाळवलेल्या असतात. ही दोन्ही तंत्रे कारखान्याची आहेत. घरच्या यंत्राकडून ती अपेक्षा केली तर निराशाच पदरी येईल.

सर्वांत वजनदार आक्षेप वाळवणाच्या बाजूने येतो. आपल्या अंगणात आणि गच्चीवर ऊन फुकट असताना विजेचे यंत्र कशाला? वसईची सुकेळी या आक्षेपाचे उत्तम उदाहरण आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्या वाळक्या पानात बांधतात. चवीला या सुकेळीची बरोबरी नाही. पण सुकेळी मऊ असते, मधासारखी चिकट असते, आणि तिने तसेच असावे. उन्हात वाळणारे फळ भोवतालच्या हवेच्या दमटपणाशी जुळेपर्यंत पाणी सोडते आणि तिथे थांबते. किनारपट्टीची हवा उन्हाळ्यातही दमट असते, त्यामुळे ते चिवटपणाच्या टप्प्यावरच अडते. एअर फ्रायरचे खरे बळ इथे कळते. मुंबईतल्या जुलैची २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घेऊन ती ९० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतले पाणी तेवढेच राहते, पण तापल्यामुळे तिची आणखी पाणी घेण्याची ताकद अनेक पटींनी वाढते. कोकणात भर पावसाळ्यात घरात इतकी कोरडी हवा तयार होते ही साधी गोष्ट नाही. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात ऊन बरेच पुढपर्यंत नेते हे खरे. पण तिथेही सावकाश वाळण्यामुळे आक्रसण्याचा प्रश्न उरतोच. कुरडया-सांडगे उन्हात कडक होतात आणि फुलून कुरकुरीत मात्र तेलातच होतात, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

विजेचा प्रश्न लहान आहे. १७० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सिद्धांताने एक दशांश युनिट पुरते. प्रत्यक्षात काही पट लागते, पण दीड किलोवॅटचे यंत्र तासभर अखंड चालले तरी दीड युनिटच्या वर जात नाही, आणि १०० अंशांवर तार सतत पेटलेली नसतेच. माल थोडा निघतो ही तक्रार मात्र खरी आहे. ज्यांना किलोभर वेफर्स हवेत त्यांनी मोठ्या ओटीजीत, दार बोटभर उघडे ठेवून, दोन-तीन जाळ्यांवर करावेत. नियम तेच लागू पडतात.

आरोग्याबद्दल जे बोलले जाते त्यातले अर्धे मला पटते. तळलेल्या केळ्याच्या वेफर्समध्ये साधारण एक तृतीयांश वजन तेलाचे असते. ते इथे शून्यावर येते, आणि हा फायदा खरा आहे. पण ‘फळच आहे, कितीही खा’ हे पुढचे वाक्य धोक्याचे आहे. पाणी गेले, साखर गेली नाही. सफरचंदाच्या कोरड्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास साखर असते. १०० ग्रॅम वेफर्स म्हणजे जवळपास ७०० ग्रॅम सफरचंद. एवढी चार सफरचंदे एका बैठकीत कुणी खात नाही, वेफर्सची वाटी मात्र गप्पांच्या ओघात संपते. मधुमेह असलेल्या माणसाच्या हाती ही वाटी ‘तेल नाही’ एवढ्याच आश्वासनावर देऊ नये. लहान मुलांच्या डब्यात मूठभर द्यावेत, आणि फळाला पर्याय म्हणून न देता बिस्किटाला पर्याय म्हणून द्यावेत. चोथा टिकतो, क जीवनसत्त्व मात्र तापण्यात बरेचसे जाते.

चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून त्या लिंबाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवण्याची रीत बरोबर आहे. कापलेल्या पेशींतले विकर हवेतल्या प्राणवायूशी फळातल्या द्रव्यांची गाठ घालून देतात आणि रंग तपकिरी होतो. लिंबाचे आम्ल त्या विकरांना मंद करते. फक्त नंतर सुती फडक्याने चकत्या नीट टिपाव्यात, नाहीतर वाफ करून घालवायचे पाणी आपणच वाढवून ठेवतो. वरून पिठी साखर भुरभुरण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. दालचिनी किंवा चिमूटभर काळे मीठ पुरते, आणि मीठही चकत्या वाळल्यावरच टाकावे, आधी टाकले तर पाणी सुटते.

वेफर्स पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत, आणि गार झाल्यावर उघडेही ठेवू नयेत. झाकण घट्ट बसणारा कोरडा डबा हवा. मे महिन्यात नागपुरात ताटात राहिलेले वेफर्स संध्याकाळपर्यंत तग धरतात. रत्नागिरीत जुलैमध्ये तेच अर्ध्या-पाऊण तासात नरम पडू लागतात. असे नरम पडलेले वेफर्स टाकून देऊ नयेत. हवेतले जे पाणी त्यांनी घेतले ते ९० अंशांवर पाच-सात मिनिटांत पुन्हा निघून जाते, आणि ताटलीत गार झाल्यावर ते पहिल्यासारखे मोडतात.