तबकडी आणि पावसाळा

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर वसले आहे. येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्या दिवसांत धुके थेट घरात शिरते. मिठाला पाणी सुटते, चपलांवर बुरशी चढते आणि कपडे शेगडीच्या उबेवर वाळवावे लागतात. अशा घरातील कपाटात आजीच्या ओव्यांची एकुलती एक सीडी पडून असेल, तर तिचे काय होत असेल?

घरी मुद्रण करता येणारी सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची तबकडी होय. प्लॅस्टिकवर रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर बहुधा चांदीचा आरशासारखा थर आणि सर्वांत वर संरक्षक लेप असतो. मुद्रण करताना लेसर किरण रंगद्रव्यात सूक्ष्म खुणा उमटवितो. ऐकताना त्याहून सौम्य किरण त्या वाचतो. आपण तबकडीची चकाकणारी खालची बाजू जिवापाड जपतो आणि वरच्या बाजूवर खुशाल बॉलपेनने नाव लिहितो. वस्तुतः ओव्या आहेत त्या वरच्याच बाजूला, त्या नाजूक लेपाखाली! खालच्या प्लॅस्टिकवरील बारीक ओरखडा पुष्कळदा घासून घालविता येतो. वरचा थर सोलला गेला, की आवाज गेलाच. म्हणून नाव मऊ टोकाच्या लेखणीने, पाण्याच्या शाईने आणि मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहावे.

लेपाला चीर पडली, की दमट हवा आत शिरते व चांदी काळवंडते. बुरशीही तबकडीला सोडत नाही. बेलीझ या उष्ण व दमट देशातून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीने कडेकडून पोखरल्याचे माद्रिद येथील संशोधकांना आढळले. ही गोष्ट २००१ साली प्रसिद्ध झाली. मग तबकडीही शेगडीजवळ ठेवावी काय? मुळीच नाही. उष्णतेने ती वाकते आणि उन्हाने रंगद्रव्य विटते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून तीत तबकड्या आपापल्या वेष्टनासह उभ्या ठेवाव्यात, हेच उत्तम.

तबकडी पुसण्याचीही एक रीत आहे. पाटी पुसतो तशी ती गोल गोल पुसू नये. तिच्यावरील माहिती मळसूत्राप्रमाणे वळत गेलेल्या एकाच रेषेत असते. या रेषेला आडवा छेदणारा ओरखडा थोडीच माहिती बिघडवितो आणि तेवढी उणीव यंत्र स्वतः भरून काढते. रेषेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र सलग मजकूर नाहीसा करतो. म्हणून मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे.

आता यंत्राविषयी थोडेसे. त्यातील वाचणारे भिंग मसुराच्या दाण्याएवढे असते. थंड खोलीतील यंत्र उबदार खोलीत आणले, की चष्म्यावर धरते तशी त्यावर वाफ धरते. तासभर थांबले, तर ती आपोआप उडून जाते. धूळ उडविण्यासाठी तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीतही ओल असतेच. तडा गेलेली तबकडी तर यंत्रात कधीच घालू नये. वेगवान यंत्रात ती मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेते आणि फुटली तर तिचे तुकडे यंत्राचा नाश करतात.

हल्लीच्या बहुतेक नव्या संगणकांत असे यंत्र नसते. तेव्हा चालू यंत्र हाताशी आहे तोवर ओव्यांच्या दोन प्रती काढाव्यात. एक संगणकात ठेवावी आणि दुसरी सातारा जिल्ह्यातच, पण पावसाची सदैव वाट पाहणाऱ्या माण तालुक्यात कोणी आप्त असतील, तर त्यांच्याकडे धाडून द्यावी.