वांशिक अभिलाषा आणि आदर : एका वाक्याचा विचार

"मला आशियाई स्त्रिया आवडतात," हे वाक्य अमेरिकेतील आशियाई वंशाच्या तरुणीला पुष्कळदा प्रथम परिचयातच ऐकावे लागते. आपण तिची स्तुतीच करीत आहोत, अशी बोलणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु व्याकरणदृष्ट्या पाहू गेल्यास त्या वाक्यात ती तरुणी कोठेच नाही. आहे ते एक अनेकवचनी सामान्यनाम. तिच्या जागी त्याच वंशाची दुसरी कोणीही उभी केली, तरी वाक्य तितकेच खरे राहते. वांशिक अभिलाषेचे मुख्य लक्षण हेच होय.

ही दृष्टी जुनी आहे. प्येर लोती या फ्रेंच नौदल-अधिकाऱ्याच्या १८८७ मधील कादंबरीत नागासाकी येथे कराराने केलेली अल्पकालीन पत्नी येते. तिचे नावसुद्धा फ्रेंचमध्ये 'क्रिझान्थेम', म्हणजे आपली शेवंती, असे होऊन जाते. (विशेषनामाचे भाषांतर आपण एरवी करीत नाही.)

'केसांच्या रंगासारखीच ही एक आवड', असा प्रतिवाद केला जातो. रॉबिन झेंग यांनी २०१६ च्या निबंधात त्यास दिलेले उत्तर मला ग्राह्य वाटते : आवडीचा उगम निर्दोष मानला, तरी तिचा भार त्या स्त्रीवरच पडतो. हे प्रेम माझ्यावर की माझ्या वंशावर, हा संशय तिला वागवावा लागतो. सोनेरी केसांपायी कोणी परकी ठरत नाही.

वंशाकडे डोळेझाक करावी, असा याचा अर्थ नव्हे. 'ती जपानी आहे' हे जाणणे आदरातच मोडते. तिची भाषा, तिचे घर त्यात आलेच. घोटाळा होतो तो पुढे 'म्हणून' लागल्यावर. त्या एका अव्ययाने तिचे मार्दव, तिची आज्ञाधारकता, सारे काही ती बोलण्यापूर्वीच ठरून जाते.